लिफ्ट केलेल्या जिम्नीचं स्टिअरिंग पुन्हा पुन्हा थरथरतं: दोष कुठे शोधायचा, आणि वाढीव वॉरंटी घ्यायची का

सोलापूरचं बाळे सोडून पुणे हायवेला लागलं, काटा ६५ च्या आसपास आला, पुलाच्या सांध्यावर पुढचं एक चाक आपटलं, की स्टिअरिंग हातातून डावी-उजवीकडे झटके मारायला लागतं. वेग ४० च्या खाली येईपर्यंत थांबत नाही. गॅरेजला नेलं की बॅलन्सिंग होतं, फार तर स्टिअरिंग डॅम्पर नवा बसतो. दोन-तीन महिने गाडी सुतासारखी सरळ चालते आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

हा आजार सलग पुढच्या ॲक्सलच्या गाड्यांचा आहे. जिम्नी त्यात येते, जुनी जिप्सीही येते. थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने तिथे थरथर आलीच तर कारणं वेगळी असतात. थारवाल्या मित्राचा सल्ला इथे लागू करू नका. जिम्नीत दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर बांधलेली आहेत. एका चाकाचा झटका दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडमधून दुसऱ्याला जातो, ते परत फेकतं. सांधे घट्ट असले तर झटका तिथेच जिरतो. कुठे तरी अर्धा-एक मिलिमीटर प्ले, म्हणजे सांध्यात ढिलाई, असली तर जिरत नाही, वाढत जातो. डॅम्पर हा झटका दाबतो, प्ले काढत नाही. तापावर गोळी घ्यावी तसं ते आहे, म्हणून डॅम्पर सगळ्यात शेवटी.

चालवताना थरथर सुरू झालीच तर जोरात ब्रेक मारू नका. ब्रेकने वजन पुढे येतं आणि झटके वाढतात. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप हळू होऊ द्या.

आधी थरथर ओळखा

खड्ड्यावर किंवा पुलाच्या सांध्यावर आपटल्यावरच सुरू होते आणि वेग उतरवेपर्यंत थांबत नाही, ती सांध्यांच्या प्लेची. ८० च्या वर गुळगुळीत रस्त्यावरही बारीक, सतत जाणवते ती चाकाची. फक्त ब्रेक दाबल्यावर येते ती डिस्कची; तिचा लिफ्टशी, म्हणजे गाडी मूळ उंचीपेक्षा वर उचलल्याशी, संबंध नाही. तिन्ही एकत्रही असू शकतात. गोंधळ झाला तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालवा. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली सरकली तर दोष चाकात किंवा टायरमध्ये. जागची हलली नाही तर ॲक्सलखाली शिरायचं. या चाचणीला जॅक, पाना आणि अर्धा तास लागतो. पार्टवर एक रुपया घालण्याआधी ती करा.

काळी माती

सोलापूरकडची निम्मी थरथर रिममध्ये सापडते. पावसाळ्यात मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडच्या शेतरस्त्यांवर गाडी घातली की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते. ओली असताना ती लोण्यासारखी पसरते, दोन दिवस उन्हात राहिली की विटेसारखी होते. वॉशिंगवाला फवारा बाहेरून मारतो, आतला थर तसाच राहतो, आणि तोही एकाच बाजूला, कारण चाक उभं असताना चिखल खाली ओघळून तिथेच सुकतो.

हिशोब करून बघा. १५ इंची रिमच्या काठाला १०० ग्रॅम माती चिकटली असेल तर ताशी ८० ला तीच माती चाकाला सात-आठ किलोच्या जोराने बाहेर ओढते, सेकंदाला दहा वेळा दिशा बदलत. बॅलन्सिंगला शिशाची पाच-पाच ग्रॅमची वजनं लावतात, तिथे १०० ग्रॅम म्हणजे काय ते कळेल. म्हणून चाकं उतरवा, आतून लाकडी पट्टीने माती खरवडा. लोखंडी पट्टी वापरली तर जुनी वजनं आणि रिमचा रंग दोन्ही जातात. मगच बॅलन्सिंगला न्या. मातीसकट बॅलन्स केलेलं चाक माती गळून पडली की आधीपेक्षा वाईट चालतं. ‘बॅलन्सिंग केलं तरी पुन्हा आलं’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं हेच झालेलं असतं.

बॅलन्सिंग मशीनवर एका चाकाला ८०-१०० ग्रॅमच्या वर वजन मागितलं तर वजन चिकटवू नका. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायला सांगा. तरी आकडा उतरला नाही तर टायर किंवा रिम गोल नाही. स्टँडवर चाक फिरवत टायरजवळ एक तार स्थिर धरली की दोन-तीन मिलिमीटरचा उचका डोळ्यांना दिसतो.

हवेचंही तसंच. भारतातल्या जिम्नीला कंपनीकडून १९५/८० आर १५ टायर येतात. हलकी गाडी असल्याने तिला कमी हवा चालते, पण पंपावरचा पोरगा सवयीने ३५ भरतो. टायर दगडासारखा होतो आणि प्रत्येक झटका थेट ॲक्सलला जातो. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आकडा सकाळी, गाडी हलण्याआधी भरा. एप्रिल-मेमध्ये दुपारी मोजलेला आकडा खोटा असतो. तापमान दहा अंशांनी चढलं की साधारण दीड पीएसआय वाढतात.

टायर आणि रिमचा बदल

२३५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७३३ मिमी होतो, मूळ टायरचा ६९३. म्हणजे टायर जवळपास पावणेसहा टक्क्यांनी मोठा. काटा ६० दाखवत असताना गाडी साडेत्रेसष्टने चाललेली असते. २१५/७५ चा फरक दीड टक्क्याचा, तो सहज पचतो. टायर जड झाला की जुन्या सांध्यांतला तोच प्ले आता जास्त ताकदीने हलतो. लिफ्टच्या आधी गाडी ठीक होती आणि नंतर थरथरते, म्हणून लिफ्टने सांधे बिघडवले असं दर वेळी नसतं. कित्येकदा ते आधीच थोडे ढिले होते, मोठ्या टायरने ते उघडं पाडलं.

रिमचं मधलं भोक बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. जिम्नीच्या हबचा (रिमच्या भोकात बसणारा गोल भाग) व्यास १०८ मिमी आहे, बाजारातल्या बऱ्याच ५ बाय १३९.७ (पाच नट, १३९.७ मिमीच्या वर्तुळावर) रिमचं भोक ११० च्या आसपास. मध्ये रिंग नसेल तर रिम फक्त नटांवर लटकतो आणि केसभर बाजूला बसतो. बॅलन्सिंग मशीनवर चाक सुळकीत नीट बसतं म्हणून तिथे आकडा शून्य येतो, गाडीवर मात्र थरथर. हब रिंग घाला. नट हाताने लावून, चाक हवेत असताना आडवे-तिडवे आवळा, शेवटचा पाना जमिनीवर १०० न्यूटन-मीटरला. हवेची गन वापरून एकदम आवळलेलं चाक तिरकं बसतं. १०० किमीनंतर पुन्हा एकदा पाना लावा.

रिम जितका बाहेर काढाल तितका चाकाला स्टिअरिंग फिरवायला लांब दांडा मिळतो. मूळ रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर, ५ मिमी आहे. उणे २० चा रिम घातला म्हणजे चाक २५ मिमी बाहेर गेलं. स्पेसर घालून तेच होतं, वर सांधे दुप्पट. दिसायला रुबाबदार, पण ज्याला थरथर घालवायची आहे त्याने स्पेसर आधी काढावेत.

ॲक्सलखाली: ड्राय पार्क चाचणी

चाकं साफ, गोल, नीट बसवलेली असूनही थरथर राहिली तर आता खरं काम. गाडी जमिनीवरच उभी ठेवा, जॅकवर नको; सांध्यांवर वजन असल्याशिवाय प्ले दिसत नाही. इंजिन चालू ठेवा म्हणजे पॉवर स्टिअरिंग काम करेल. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना ठोकळे द्या. एकाने आत बसून स्टिअरिंग पाव फेऱ्याच्याही आत, झटक्याने डावी-उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं, असं की बोटाचा अर्धा भाग एका पार्टवर आणि अर्धा दुसऱ्यावर येईल. दोन पार्ट एकत्र हलले तर सांधा ठीक. एक आधी हलला आणि दुसरा मागून आला तर बोटाला टिचकी बसल्यासारखं जाणवतं. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटाला कळतो.

क्रम असा ठेवा: पॅनहार्ड रॉडचं चासीकडचं टोक, मग ॲक्सलकडचं, मग ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा), टाय रॉडची दोन्ही टोकं, शेवटी स्टिअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट. पॅनहार्ड रॉड ॲक्सलला आडवा धरून ठेवतो, आणि बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. बोल्ट वरून घट्ट वाटतो, पण आत ब्रॅकेटचं भोक लंबगोल झालेलं असतं. बोल्ट काढून बघा; त्याच्या दांड्यावर एका बाजूला चकचकीत घासलेली पट्टी दिसली तर तो भोकात हलत होता. नवा बोल्ट घालून भागणार नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत जाड वॉशर कातून घ्या, बोल्टाच्या मापाचं भोक नेमकं पाडून ब्रॅकेटवर वेल्डिंग करा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, नाही तर पाचशे रुपयांच्या कामात कंट्रोल युनिट जातं.

बुश, म्हणजे रॉडच्या टोकातला रबरी भाग, बदलला तर एक चूक टाळा. पुन्हा पुन्हा होणाऱ्या थरथरीमागचं हे मोठं कारण आहे. गाडी जॅकवर लोंबत असताना पॅनहार्डचा बोल्ट पक्का आवळू नका. रबर बुश आतल्या नळीला चिकटलेला असतो. ॲक्सल लोंबलेल्या स्थितीत आवळला की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, बंपर दोन-तीनदा दाबून सोडा, मग पाना मारा.

किंगपिन

आता एका बाजूचं चाक उचला, ॲक्सलखाली घोडी लावा. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. प्ले लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर हब बेअरिंग. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं ती खीळ.

किंगपिनला प्रत्येक बाजूला वर-खाली मिळून दोन टेपर रोलर बेअरिंग असतात, एकूण चार. बाहेरचं सील ॲक्सलच्या गोल तोंडावर घासून चिखल बाहेर ठेवतं. ओढ्यात, तळ्याच्या काठाला गाडी घातली की पाणी आणि बारीक माती सीलमधून आत जाते. झाकण उघडल्यावर ग्रीस तपकिरी दिसलं तर ठीक. ताक घातल्यासारखं राखाडी दिसलं तर पाणी गेलंय. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर रोलरच्या मापाच्या समांतर रेघा बोटाच्या नखाला लागतात. त्या दिसल्या की बेअरिंग रिंगसकट बदला. आतला रोलर नवा आणि बाहेरची रिंग जुनी ठेवली तर पैसे पाण्यात.

बसवताना वरच्या किंगपिनखालच्या शिमवरच, म्हणजे पातळ चकत्यांवरच, सगळं असतं. शिम कमी केली की बेअरिंग घट्ट होतं. अंदाजाने आवळण्याऐवजी सामान तोलायचा स्प्रिंग काटा घ्या. सील आणि टाय रॉड सोडलेले असताना काटा टाय रॉडच्या भोकात अडकवा आणि नकल (चाक धरून वळणारा भाग) फिरायला लागेल तो जोर वाचा. दोन्ही बाजूंचा आकडा वर्कशॉप पुस्तिकेच्या मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळ हवा. एक बाजू घट्ट आणि एक ढिली राहिली तर थरथर महिन्याभरात परत. ग्रीस लिथियम, दोन नंबरचं, पोकळी खच्चून न भरता. नकल उघडल्यावर हबला जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीचं तोंड लगेच टेपने बंद करा. त्यात माती गेली की थरथर जाईल, पण फोर व्हील लागणार नाही.

लिफ्टने बिघडवलेले कोन

दोन इंच लिफ्टने ॲक्सल पुढच्या बाजूने खाली झुकतो, कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, दोन-तीन अंशांनी कमी होतो. कॅस्टर कमी झाल्याचं मुख्य लक्षण म्हणजे गाडी रस्त्यावर भरकटते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. कॅस्टरचे खास बुश घालून हे सुधारतं. पण ‘जास्त तितकं चांगलं’ म्हणून गरजेपेक्षा मोठे बुश घालू नका. कॅस्टर फार वाढला तरी थरथर वाढते. अलाइनमेंटची चिठ्ठी हातात घ्या आणि डावा-उजवा कॅस्टर जवळजवळ सारखा आहे का ते बघा.

पॅनहार्डचं टोक वर गेलं की ॲक्सल चासीकडच्या टोकाच्या दिशेला सरकतो. रॉड ८५० मिमी धरला आणि उतार १०० चा १५० मिमी झाला तर सरक सात मिमीच्या थोडी वर. ओळंबा सोडून दोन्ही बाजूंचं फेंडर ते टायर अंतर मोजा. फरकाच्या निम्मी सरक. ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉडने ती काढता येते. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड एकमेकांना समांतर ठेवा. एकच खाली आणला तर प्रत्येक खड्ड्यावर गाडी स्वतः वळते.

शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात. टाय रॉड आणि ड्रॅग लिंक फिरवल्यावर स्टिअरिंग सरळ धरलं असता चाकं सरळ हवीत. भारतातल्या जिम्नीला ईएसपी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून चाकं आपोआप ब्रेक करणारी यंत्रणा, आहे. स्टिअरिंग पाच-दहा अंश वाकडं राहिलं तर गाडीला वाटतं चालक वळतोय, आणि ती मधूनच एखादं चाक ब्रेक करते. सरळ रस्त्यावर असा झटका बसला तर तो थरथरीसारखाच वाटतो. स्कॅनर लावून स्टिअरिंग सेन्सरचा शून्य सेट करून घ्या.

हे सगळं झाल्यावर डॅम्पर. तेल गळत असेल किंवा हाताने ढकलला तर विनाअडथळा सरकत असेल तर बदला, एरवी जुना ठेवा.

वाढीव वॉरंटी: कशासाठी, कशासाठी नाही

मारुतीने जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांची मूळ वॉरंटी तीन वर्षे किंवा १ लाख किमी केली. आधी ती दोन वर्षे किंवा ४०,००० किमी होती. जिम्नीची विक्री जून २०२३ ला सुरू झाली, म्हणजे पहिल्या वर्षभरातल्या गाड्यांची मूळ वॉरंटी लवकर संपली. वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते. तेव्हा विक्रीची पावती काढून तारीख आधी बघा.

वर सांगितलेली थरथर वाढीव वॉरंटीतून सुटेल असं धरून ती घेऊ नका. बुश, सील, टायर, ब्रेकचे पॅड, क्लच प्लेट असे झिजणारे पार्ट अशा योजनांत सहसा वगळलेले असतात. किंगपिन आणि पॅनहार्डचा प्ले लिफ्ट असलेल्या गाडीत आला तर सर्व्हिस सेंटर लिफ्टकडे बोट दाखवणार, आणि या बाबतीत त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खोटंही नाही. पुढच्या ॲक्सलचा खर्च स्वतःचाच धरा.

मग उरतं काय? एसी कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगची मोटर, कंट्रोल युनिट, ट्रान्सफर केस (फोर व्हीलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स), अल्टरनेटर, इन्फोटेनमेंट स्क्रीन. एकेक पार्ट हजारोंत जातो, आणि यातल्या बहुतेकांचा लिफ्टशी संबंध लावता येत नाही. समजा दोन वर्षांच्या वाढीव वॉरंटीला २५,००० रुपये आहेत. तुमच्या वापरात यातला एक महागडा पार्ट दोन वर्षांत जाण्याची शक्यता चारात एक आणि खर्च ६०,००० धरला, तर सरासरी फायदा १५,००० चा, म्हणजे घाटा. पण ६०,००० एकदम काढणं जड जात असेल तर १०,००० जास्त मोजून झोप विकत घेणं हा शहाणपणाचाच सौदा. आकडे स्वतःचे घाला, पद्धत हीच.

वायरिंग कापलेलं असेल तर मात्र हा हिशोब कोसळतो. लाइटबार, विंच, कंप्रेसरसाठी मूळ तार सोलून टेप गुंडाळली असेल तर इलेक्ट्रॉनिक्सचा कुठलाही दावा त्या टेपपाशी येऊन थांबतो. बॅटरीवरून वेगळी फ्यूज असलेली लाइन, रिले, आणि कपलर टू कपलर जोडणी करा, म्हणजे काढल्यावर मूळ वायर अखंड राहते. आधीच कापलेलं असेल आणि दुरुस्त करणार नसाल, तर वाढीव वॉरंटीचे पैसे किंगपिनच्या बेअरिंगवर घाला.

घेण्याआधी डीलरला लेखी विचारा: ‘गाडीला दोन इंच लिफ्ट आणि २३५ टायर आहेत. ट्रान्सफर केस, स्टिअरिंग मोटर आणि एसीचे दावे यामुळे नाकारले जातील का?’ तोंडी ‘काही प्रॉब्लेम नाही साहेब’ला किंमत नाही. ईमेलचं उत्तर जपून ठेवा. दावा नाकारला तर जॉब कार्डवर कारण लिहून घ्या, नुसतं ‘मॉडिफिकेशन’ नको. कुठल्या बदलामुळे कुठला पार्ट गेला ते. पटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते, आणि तिथे हीच ओळ कामाला येते.

पाण्यात इंजिन बंद पडून पाणी आत ओढलं गेलं तर ते वॉरंटीत बसत नाही, कुठल्याही. त्यासाठी विम्याचं इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर आहे, आणि विमा कंपनीला बदल आधी कळवलेले हवेत.

कायद्याची बाजूही हिशोबात धरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मूळ स्प्रिंग, शॉक, रिम, टायर फेकू नका. घरात एक कोपरा अडेल, पण फिटनेसची वेळ आली, गाडी विकायची झाली किंवा वॉरंटीचा मोठा दावा करायचा झाला तर तेच लागतात. आणि मूळ चाकं घालून पुलाच्या त्याच सांध्यावर गाडी चालवली की थरथर टायरची की ॲक्सलची, हेही दहा मिनिटांत कळतं.

दुरुस्तीनंतर ५०० किमीवर सगळे बोल्ट एकदा, मग दर ५,००० किमीवर आणि पावसाळा संपला की ऑक्टोबरात बोटाची चाचणी पुन्हा. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांच्या वाळलेल्या चाकोऱ्या किंगपिनला ठोकायला लागतात, त्याआधी हे उरका.